आजीबाईंना लिहिलेली पत्रे

‘आजीबाई’ हा शब्द रोमन लिपीत छापलेला पाहून मी पहिल्यांदा अडखळलो. पुस्तक इंग्रजी होते. पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार, अ. भि. शहा यांनी संपादित केलेला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केलेला. माझे इंग्रजी बेताचे, त्यामुळे शब्दकोश शेजारी ठेवून पाने उलटत होतो आणि मध्येच, कोशात सापडणार नाही असा हा शब्द. ज्यांना तो लिहिला आहे त्या रमाबाईंच्या कोणी आजी नव्हत्या, मराठीही नव्हत्या. त्या होत्या सिस्टर जेराल्डिन, इंग्लंडमधल्या वाँटेज गावच्या अँग्लिकन मठातल्या धर्मभगिनी. मायन्यात आजीबाई आणि खाली मजकुरात, तुमचे हे म्हणणे मला मान्य नाही, असा हा एकंदर पत्रव्यवहार आहे.

या पत्रांकडे आजवर बहुतेकांनी दोन बाजूंनी पाहिले. एका बाजूला बंडखोर विदुषी आणि तिला जखडू पाहणारे गोरे मिशन; दुसऱ्या बाजूला नवख्या धर्मांतरिताच्या शंका आणि त्या सोसणारी सहनशील गुरुमाता. दोन्हींत तथ्य आहे. पण पत्रे सलग वाचताना मला वेगळेच काही जाणवत गेले. भांडणारी दोन्ही माणसे ख्रिस्ती आहेत, दोघीही रोज प्रार्थना करणाऱ्या आहेत, आणि दोघींच्या तोंडी शब्दही तेच आहेत: आज्ञापालन, नम्रता, गर्व, मोह. अडते ते एवढ्यावरच की मोह कशाला म्हणायचे आणि ते कोणी ठरवायचे. आणि हा वाद मोठमोठ्या सिद्धांतांइतकाच ताटातल्या पदार्थावर, गळ्यातल्या क्रुसावर, लहान मुलीच्या प्रार्थनेवर झालेला आहे.

रमाबाईंची पूर्वकथा वाचकांना ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, आईने मुलीला. सारे कुटुंब तीर्थाटन करीत पुराणे सांगत हिंडले. १८७० च्या दशकात दक्षिणेतल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. पुढे १९०७ च्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी लिहिले आहे की शास्त्रात सांगितलेली व्रते, दाने, अनुष्ठाने घरच्यांनी सगळी केली, होते नव्हते ते द्रव्य त्यात संपवले, आणि शेवटी उपासमार वाट्याला आली. हा तपशील लक्षात ठेवावा असा आहे. शास्त्राची आज्ञा अक्षरशः पाळणाऱ्या घरातली ती मुलगी होती, आणि त्या पाळण्याची किंमत तिने डोळ्यांनी पाहिली होती.

१८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला, तोही जातीबाहेर. १८८२ च्या फेब्रुवारीत पती कॉलऱ्याने वारले. तान्ह्या मनोरमेला घेऊन ती पुण्यात आली, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले. पुण्यातच पंचहौद मिशनमध्ये काम करणाऱ्या वाँटेजच्या धर्मभगिनींशी तिची ओळख झाली. १८८३ साली ती इंग्लंडला गेली ती वैद्यक शिकण्याच्या इराद्याने. बहिरेपणा वाढत चालल्यामुळे तो बेत पुढे सोडावा लागला. मठाने राहण्याजेवणाची सोय करायची आणि हिने हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवायचे, असा व्यवहार ठरला होता. फुकटचे खायचे नाही, हा कटाक्ष तिने तेव्हापासून ठेवलेला दिसतो.

सोबत आनंदीबाई भगत होत्या. वाँटेजला पोहोचल्यावर काही महिन्यांतच त्यांनी आत्महत्या केली. आपल्याला बळेच बाटवतील या भीतीने त्यांच्या मनाचा तोल गेला, असे त्या वेळच्या माणसांनी नोंदवले आहे. तशी जबरदस्ती होत असल्याचा पुरावा नाही. पण परक्या देशात, परक्या अन्नावर, परक्यांच्या छपराखाली राहणाऱ्या बाईला आज्ञा आणि प्रेमळ आग्रह यांतला फरक कितपत कळत असेल? त्यानंतर लवकरच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्याआधी आपण ख्रिस्ती होणार नाही असे त्यांनी पुण्याच्या मंडळींना सांगितले होते. म्हणून इकडे गहजब झाला.

त्यांची बुद्धी वळली ती मुख्यतः एका चित्पावनाच्या लेखणीने. नीलकंठशास्त्री गोरे, बाप्तिस्म्यानंतरचे फादर नेहेम्या गोरे, काशीत वाढलेले. आधी मिशनऱ्यांना वादात हरवायला निघालेले आणि १८४८ मध्ये स्वतःच ख्रिस्ती झालेले. ‘षड्दर्शनदर्पण’ हा त्यांचा ग्रंथ जुन्या अभ्यासकांना माहीत आहे. हिंदुस्थानातून त्यांनी लिहिलेल्या पत्रांनी आपली खात्री पटली, असे रमाबाई सांगतात. गोरे चर्चच्या परंपरेचा आणि बिशपच्या अधिकाराचा मान राखणारे उच्चचर्चीय होते. म्हणजे दोघांचीही बुद्धी शास्त्रार्थाने घडलेली, दोघेही वादातून धर्मात आलेले. एकाने आत आल्यावर वाद बराचसा खाली ठेवला. दुसरीच्या लेखी बाप्तिस्मा म्हणजे वाद थांबवण्याचा करार नव्हता.

वाँटेजच्या मठात आज्ञापालन याचा अर्थ काय होता, हे समजून घेतले नाही तर सिस्टर जेराल्डिन यांच्यावर अन्याय होतो. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये स्त्रियांचे मठ नव्याने उभे राहत होते; वाँटेजचे भगिनीमंडळ १८४८ चे. अशा मठात बाई येते ती आपली इच्छा देवाला अर्पण करण्यासाठी, आणि ही इच्छा रोजच्या रोज अर्पण करायची ती घंटेच्या ठोक्याला, वडीलधाऱ्या भगिनीच्या शब्दाला, समोर येईल त्या अन्नाला. लहानसहान बाबतीत स्वतःची आवड सोडता आली तर मोठ्या मोहापुढे माणूस टिकतो, अशी ती साधना. आपल्याकडच्या मठांतही शिष्याला आधी झाडलोट सांगतात ती याच हिशेबाने. जेराल्डिनबाईंनी स्वतः हे सारे केले होते. आपण ज्या वाटेने आलो तीच वाट मुलीला दाखवावी, यात त्यांना जुलूम दिसणे शक्य नव्हते. तरीही एक गोष्ट त्यांच्या नजरेतून निसटली. त्यांनी स्वतः ते व्रत घेतले होते, रमाबाईंनी घेतले नव्हते. रमाबाई मठात राहत होत्या, पण मठवासिनी नव्हत्या.

पहिला खटका अन्नावरून. रमाबाई शाकाहारी राहिल्या, शेवटपर्यंत. मठाच्या टेबलावर मांस नाकारणे एक वेळ समजण्यासारखे होते, पण त्यांचे विधिनिषेध पाय आणि पुडिंगपर्यंत जात. जेराल्डिनबाईंना यात जातीचा जुना गर्व दिसला. ख्रिस्ती झाल्यावरही ब्राह्मणपण सुटत नाही, आणि गर्व हा तर सर्व पापांचा बाप. रमाबाईंचे उत्तर वाचण्यासारखे आहे. आशय असा: तुम्हाला माझ्या खाण्यापिण्यात गर्व शोधायचा असेल तर खुशाल शोधा. मी जन्माने हिंदू आहे, आणि पूर्वजांच्या ज्या चाली माझ्या मनाला खटकत नाहीत त्या शक्यतो पाळते. एखादी इंग्रज बाई हिंदूंत येऊन राहिली आणि कोणाला उपद्रव नसलेली आपली रीत तिने सोडली नाही, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हटलेले तिला चालेल का?

हा शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. त्यात ‘मला माफ करा’ नाही की ‘मी चालले’ही नाही. ज्याला तुम्ही माझे पाप म्हणता ते तुमच्या घरी शिष्टाचार ठरते, एवढेच ती दाखवते. रमाबाईंना जातीचा अभिमान मुळीच नव्हता असेही मी म्हणणार नाही. जुने पूर्वग्रह आपल्यात काही उरले असतील हे त्याच कबूल करतात. पण तो तपासायचा अधिकार स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून दुसऱ्याने घ्यावा, हे त्यांना मान्य नव्हते.

मग क्रूस. गळ्यात क्रूस घालायला रमाबाईंची हरकत नव्हती. हरकत होती ती त्यावरच्या लॅटिन अक्षरांना. हिंदुस्थानातल्या बायकांपुढे आपण हा क्रूस घालून जाणार, त्यांतली एकही लॅटिन जाणत नाही, मग तिथे संस्कृत शब्द का नकोत? लॅटिनमध्ये असे काय आहे जे आपल्या संस्कृतात नाही? जेराल्डिनबाईंना लॅटिन हे साऱ्या चर्चचे जुने सूत्र वाटे. रमाबाईंना ती दुसऱ्या एका पुरोहितवर्गाची भाषा वाटली असावी. ज्या स्त्रीच्या वडिलांना बायकोला देववाणी शिकवल्याबद्दल विद्वानांपुढे जाब द्यावा लागला होता, तिला न समजणाऱ्या पवित्र भाषेचा अनुभव घरातूनच होता.

यापुढचा खटका मोठा. १८८४ पासून रमाबाई चेल्टनहॅमच्या स्त्री-विद्यालयात होत्या. शिकत आणि संस्कृत शिकवीत. मुख्याध्यापिका डोरोथिया बील या इंग्लंडमधल्या स्त्रीशिक्षणातले मोठे नाव. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी एक कल्पना निघाली. मुंबईचे बिशप माइल्न आणि लाहोरचे बिशप फ्रेंच यांनी ती ऐकताच विरोध केला. हिंदुस्थानात स्त्रिया पुरुषांपुढे येत नाहीत. इंग्लंडमध्ये हिने पुरुषांना शिकवले असे कळले तर स्वदेशातल्या स्त्रियांत तिची पत राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे. शिवाय असे कौतुक तिच्या डोक्यात जाईल, ही चिंता वडीलधाऱ्यांत होतीच.

इथे हसू येते ते एवढ्यासाठी, की या विद्वान बिशपांना हिंदुस्थान सांगायला ही बाई हयात आणि हजर होती. कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत तिने पुरुषांनी भरलेल्या सभांपुढे व्याख्याने दिली होती. रमाबाईंनी नेमके तेच लिहिले. माझ्या वडिलांनी आणि पतीने मला जे स्वातंत्र्य दिले ते तुम्ही काढून घेता. माझ्या देशबांधवांना काय रुचेल ते मला ठाऊक आहे. आणि शिकवण्याची एक नोकरी सुटली तरी हरकत नाही, पण मी काय करावे हे इतरांनी आपसात ठरवून मला कळवावे, हे चालायचे नाही.

१८८५ च्या मे महिन्यातले पत्र या साऱ्याचा कळस आहे. त्यात त्या म्हणतात की मला स्वतःची विवेकबुद्धी आहे, मन आहे, निर्णयशक्ती आहे. देवाने दिलेली ही साधने मला वापरलीच पाहिजेत. हिंदुस्थानातल्या पुरोहितांचे जोखड मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले. आता पाद्री सांगतील ते सारे परमेश्वराची आज्ञा म्हणून मानायचे, तर ते दुसरे जोखडच. देवाच्या वचनाची आज्ञा पाळणे आणि पाद्र्यांची आज्ञा पाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता जेराल्डिनबाईंच्या बाजूने पाहा. नवा विश्वास घेऊन दोन वर्षे न झालेली तरुणी. त्रैक्याचा सिद्धांत तिला पटत नाही, अथानासियसचा विश्वासांगीकार म्हणायला ती कचरते, गावातल्या इतर पंथांच्या लोकांशी चर्चा करते, आणि वर म्हणते की माझी बुद्धी मला सांगेल. मठाच्या भाषेत याचे नाव ठरलेले होते. एदेन बागेतल्या सर्पाने पहिल्या स्त्रीला जो मोह घातला, तो नेमका हाच नव्हता का, की तुझे तू ठरव? म्हणून त्या पत्रातून कळवळून लिहितात, कधी रागावतात, उद्धटपणाचा आरोप करतात. बीलबाईंची चाल निराळी. शंकेला पाप म्हणून दटावू नये, शंकेला उत्तर द्यावे, या मताच्या त्या होत्या आणि रमाबाईंशी त्या लांबलचक धर्मचर्चा पत्रातून करीत. एकाच चर्चमधल्या दोन इंग्रज बायका, एकीच्या हाती मठाची घंटा, दुसरीच्या हाती शाळेची.

नव्या कराराच्या ग्रीकमध्ये मोह आणि परीक्षा या दोहोंना मिळून एकच शब्द आहे. प्रभूच्या प्रार्थनेचे भाषांतर करणाऱ्याला कोणता तरी एक निवडावा लागतो. आपल्या मराठी बायबलाने ‘परीक्षा’ घेतला आहे. लहानपणापासून ती प्रार्थना म्हणणाऱ्या माणसांनाही हा दुपेडी अर्थ सहसा जाणवत नाही. वाँटेजच्या पत्रांत मात्र तो उघडा पडतो. रमाबाईंचे प्रश्न जेराल्डिनबाईंच्या लेखी मोह होते. रमाबाईंच्या लेखी तीच परीक्षा होती. आणि रमाबाईंना मोह नव्हता असे नाही. त्यांचा मोह दुसरीकडे होता. जवळ पैसा नाही, माणूस नाही, लहान मूल, वाढता बहिरेपणा. समोर प्रेमळ माणसे, तयार अन्न, मुलीची सोय, शिक्षण, आणि बदल्यात फक्त ‘हो’ म्हणायचे. पटले नसताना ‘हो’ म्हणून टाकण्याइतके सोपे दुसरे काय होते? आपण ज्याचे मीठ खातो त्याच्याशी वाद घालणे आपल्याकडे कृतघ्नपणा समजतात, तिकडेही समजत. ऋणाचा उल्लेख या पत्रांत वारंवार येतो तो उगीच नाही. ऋण मान्य, ते फेडीन, पण विवेक गहाण ठेवून नव्हे, ही त्यांची भूमिका शेवटपर्यंत हलली नाही.

सर्वांत दुखरी जागा मनोरमा. मुलगी बराच काळ वाँटेजला जेराल्डिनबाईंजवळ वाढली, आणि त्यांनी तिच्यावर जीव लावला यात शंका नाही. पण तिला काय शिकवायचे? त्रैक्याचे गूढ मला स्वतःला उमगलेले नाही, ते माझ्या मुलीला इतक्यात शिकवू नका, असा रमाबाईंचा आग्रह. मुलाचा आत्मा आईच्या शंका फिटेपर्यंत ताटकळत ठेवायचा का, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. बाप्तिस्म्याने मूल चर्चचे झाले की आईचेच राहिले? रमाबाई १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्या, वाँटेजच्या मनाविरुद्ध. आणि तरीही पुढे काही काळ मनोरमेला पुन्हा जेराल्डिनबाईंकडेच ठेवले. एवढे भांडून पोर विश्वासाने सोपवावी ती त्यांच्याच हाती! इथे मला ‘आजीबाई’ या मायन्याचा अर्थ लागला. हुकूम मानायचा नाही, पण नाते मोडायचे नाही.

या वादाला परधर्मातले भांडण समजून नाक मुरडणाऱ्यांनी त्याच काळातले पुणे आठवावे. १८९० च्या ऑक्टोबरात त्याच पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले प्रभृती मंडळींपुढे चहा आला. कोणी घेतला, कोणी नुसताच पेल्याला हात लावला. गोपाळराव जोशींनी नावे छापून आणली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी काशीतल्या प्रायश्चित्ताचा दाखला दिला. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचा रोष ओढवून घेतला. म्हणजे वाँटेजला पुडिंग आणि पुण्यात चहा. रानड्यांसारख्या माणसाला घरच्यांच्या आणि स्नेह्यांच्या शांततेसाठी मान लववावीशी वाटली, तिथे एकट्या बाईच्या हट्टाची किंमत कळते. रानड्यांना मी यावरून कमी लेखत नाही. नमते घेणे हाही कधी कधी एक निग्रह असतो.

रमाबाई १८८९ च्या फेब्रुवारीत परतल्या आणि ११ मार्चला मुंबईत शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई, पुढच्या आनंदीबाई कर्वे. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनच्या पैशावर चालणाऱ्या या संस्थेत धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरले होते. मुलींना आपापले आचार पाळण्याची मुभा होती. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यात आले. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. रानडे, भांडारकर हे सल्लागार. त्यांना यात ठरावाचा भंग दिसला. पालकांच्या संमतीशिवाय मुलींना ख्रिस्ती प्रार्थनेत बसू देऊ नये, असे ते म्हणू लागले. ‘केसरी’ने तर आघाडीच उघडली. रमाबाईंचे उत्तर वाँटेजच्याच वळणाचे: मी कोणाला बोलावत नाही, आलेल्याला हाकलणार नाही, आणि माझ्या घरात माझ्या देवाशी बोलताना दार लावणार नाही. १८९३ च्या ऑगस्टमध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले. कितीतरी मुली पालकांनी काढून नेल्या.

याबाबतीत मी सल्लागारांना सर्वस्वी चुकीचे ठरवायला तयार नाही. मुली अजाण होत्या, आणि ज्या बाईने त्यांना आसरा दिला, वाचायला शिकवले, केस वाढवू दिले, तिच्या उघड्या दारात जाऊन बसण्याची ओढ हा मुलींच्या दृष्टीने मोहच असणार. प्रेमाने वागणाऱ्याचा अधिकार हुकमापेक्षा खोल जातो, हे रमाबाईंनी स्वतः वाँटेजला भोगले होते. इथे त्यांना ते दिसले नाही, की दिसूनही त्यांनी पत्करले? कागदपत्रांवरून मला याचा निवाडा करता आलेला नाही.

सरकारपुढेही त्या नमल्या नाहीत. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताने कहर केला तेव्हा त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून, आपल्या आश्रयातली एक मुलगी प्लेगच्या इस्पितळात नेल्यावर तिचे काय झाले असा जाहीर सवाल केला. प्रकरण विलायतेत पार्लमेंटपर्यंत पोहोचले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप झिडकारले. ख्रिस्ती माणसाने सत्तेला मान द्यावा अशी प्रेषित पौलाची शिकवण त्या काळी मिशनऱ्यांच्या तोंडी नेहमी असे. राज्यही ख्रिस्ती राजाचे. तरीही ख्रिस्ती रमाबाई या प्रश्नावर सरकारच्या विरुद्ध, म्हणजे आपल्या टीकाकारांच्याच बाजूला उभ्या होत्या, याची आठवण दोन्हीकडच्या लोकांनी फारशी ठेवली नाही.

आणि मग केडगाव. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली त्यांनी आणल्या. मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तिथे दोन हजारांच्या आसपास माणसे होती. शेती, विणकाम, छापखाना, स्वयंपाक, शाळा, आणि साऱ्याला बांधणारी घंटा. आता आज्ञा देणाऱ्या रमाबाई होत्या. उपाशी, भेदरलेल्या, आजारी हजारभर मुली शिस्तीशिवाय सांभाळता येत नाहीत हे उघड आहे. तरी ‘मुक्ती’ची दिनचर्या वाचताना वाँटेजची घंटा कानात वाजल्याशिवाय राहत नाही. १९०५ च्या जूनमध्ये तिथे धार्मिक उद्दीपनाची लाट आली. मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, भान हरपून बसू लागल्या. पाहुण्या मिशनऱ्यांना ते शोभेना. रमाबाईंनी मात्र ते बंद पाडले नाही. ‘मुक्ती प्रेयर बेल’मधून त्यांची बाजू घेतली. हिंदी मुली आपल्या परीने देवाला हाक मारतात, ती इंग्रजी वळणाची असलीच पाहिजे असे नाही. चेल्टनहॅमची रमाबाई इथे अजून जिवंत होती.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलाचे साधे मराठी भाषांतर करण्यात घालवली. ते मुक्तीच्या बायकांनीच छापले आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, पूर्ण बाहेर आले. प्रचलित भाषांतरातले संस्कृत शब्द त्यांना खटकत. खेड्यातल्या बाईला ते कळत नाहीत आणि त्यांना हिंदू कल्पनांचा वास येतो, म्हणून त्यांनी ते वेचून काढले. क्रुसावर संस्कृत अक्षरे मागणारी ती हीच बाई! यात विसंगती आहे, ती झाकण्यात अर्थ नाही. चाळीस वर्षांपूर्वी तिला लॅटिन ज्या कारणाने नको होती, त्याच कारणाने आता संस्कृतही नकोशी झाली होती, असे म्हणता येईल. पण तेवढ्याने सारा उलगडा होत नाही. शेवटी शेवटी त्यांना जुन्या धर्माची सावलीही नको झाली होती, आणि ‘पूर्वजांच्या चाली’ अभिमानाने सांगणारी पंडिता त्यात हरवलेली दिसते.

मनोरमेच्या बाजूने कोणी फारसे लिहिलेले नाही. वाँटेज, अमेरिका, पुणे, केडगाव. शिक्षण मध्येच तुटत आणि पुन्हा जुळत गेलेले. पुढे तिने पदवी मिळवली, गुलबर्ग्याची शाळा उभी केली, आईचा उजवा हात होऊन राहिली. जिच्या आत्म्यावरून दोन हट्टी बायका भांडल्या, तिच्या स्वतःच्या हट्टाची नोंद मला कुठे सापडत नाही. आईने आज्ञा मोडून जे मिळवले ते मुलीने आज्ञा पाळून चालवले. २४ जुलै १९२१ रोजी ती गेली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या.

ही पत्रे आपल्यापर्यंत आली कशी, ते सांगायचे राहिले. सिस्टर जेराल्डिन यांनी ती जपून ठेवली. म्हातारपणी ती एकत्र केली, क्रम लावला, जागोजाग आपली टिपणे घातली. टिपणांत त्या आपल्या मतावर बऱ्याचशा ठाम आहेत. स्वतःला दोष देणारी, आपल्या अधिकाराला सरळ नाकारणारी मुलीची पत्रे गाळून टाकणे त्यांना सहज शक्य होते. पुडिंगवरचे पत्र होते, लॅटिन क्रुसावरचे होते, १८८५ च्या मे महिन्यातले होते. ती त्यांनी जशीच्या तशी ठेवली, त्या मराठी मायन्यासकट.